नेलपेंटची छत्री

मी लिफ्ट तपासतो. दोर, ब्रेक, दारांची कुलपं, वजनाची मर्यादा. लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर जाते, कुणी नसताना दार उघडतं, अशा तक्रारी मला नेहमी येतात आणि सांगणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मी वर जातो, पेटी उघडतो आणि झिजलेला रिले किंवा दमट झालेलं बटण काढून त्याच्या हातावर ठेवतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला दुसरं काही सापडलेलं नाही. हे आधीच सांगतोय, म्हणजे पुढचं ऐकून मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे असं कुणी समजू नये.

सुट्टीच्या दिवशी मात्र मी भंगारात असतो. आमच्या लहानपणी एक व्हिडिओ गेमचं यंत्र निघालं होतं. राखाडी, जेवणाच्या डब्याएवढं. वरून कॅसेट खुपसायची आणि टीव्हीला जोडायचं. कंपनी कधीच बुडाली, पण त्या यंत्राचे आम्ही काही वेडे शिल्लक आहोत. जुन्या बाजारात पथाऱ्यांवरच्या इस्त्र्या आणि पंख्यांखाली हात घालायचे, बंद पडलेल्या व्हिडिओ दुकानांच्या मालकांना लाडीगोडी लावायची, कुणी घर बदलतंय असं कळलं की माळ्यावर काय पडलंय ते हळूच विचारायचं. खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर कुणी सोफा विकायला काढला तर आम्ही सोफा बघत नाही, मागच्या कपाटावरचं खोकं बघतो. माझी ताई याला भंगारसेवा म्हणायची.

घरात आम्ही तिघं. आई, ताई आणि मी. ताई माझ्याहून मोठी. कानाच्या दवाखान्यात ऐकू येण्याच्या तपासण्या करायची, कानयंत्रं बसवून द्यायची. तिने लग्न केलं नाही, माझं मोडलं, आणि दोन्हीचं खापर ती माझ्याच डोक्यावर फोडायची. घरात तिचा आवाज सगळ्यात मोठा. दिवसभर कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलून सवय झाली असं तिचं म्हणणं. आई म्हणायची, काही नाही, ही पाळण्यातही अशीच ओरडायची.

यंत्राला पुढच्या बाजूला दोन खाचा असतात, दोन खेळाडूंच्या कंट्रोलरसाठी. मोठी म्हणून पहिली खाच कायम ताईची. मी सगळं लहानपण दुसऱ्या खाचेवर काढलं. दुसऱ्या कंट्रोलरला खेळ सुरू करायचं बटणच नव्हतं, त्यामुळे ती म्हणेल तेव्हा खेळ सुरू आणि ती म्हणेल तेव्हा बंद. इमारतीतली मुलं आपापसांत कॅसेटी बदलून खेळायची आणि परत देताना हमखास घोळ व्हायचा. मग ताईने आईची गडद लाल नेलपेंटची बाटली पळवली आणि आमच्या पाचही कॅसेटींच्या पाठीवर एकेक छत्री काढली. वर अर्धगोल, खाली दांडा, दांड्याच्या टोकाला आकडा. एक माझ्या टाचेवरही काढली होती. “हरवलास तर लोक परत आणून देतील,” म्हणाली.

पुढे आम्ही घर बदललं तेव्हा टेम्पोतून कॅसेटींचं खोकं गायब झालं. यंत्र आईच्या मांडीवर होतं म्हणून वाचलं. मोठेपणी मी गोळा करायला लागलो तो ते खोकं पुन्हा भरावं म्हणूनच.

आमच्या टोळक्यात कापूसराव म्हणून एक आहेत. घड्याळं दुरुस्त करायचे, आता निवृत्त. त्यांच्या खिशात कायम कापसाच्या काड्या असतात. जुन्या मालकाचं नाव, गोंदाचे डाग, चिकटवलेली चित्रं, सगळं ते प्लास्टिकला ओरखडाही न उठवता काढतात. आमच्यात ती पद्धतच आहे. कॅसेट दुसऱ्याला द्यायची तर पुसून, लख्ख करून द्यायची. मळकी दिली तर घेणाऱ्याचा अपमान. कापूसरावांची दुसरी आवड म्हणजे ‘एकलकोंडी’ यंत्रं. कारखान्यातून येताना दोन्ही खाचांवर राखाडी रबरी बुचं बसवलेली असत. पहिलं बूच सगळ्यांचंच निघायचं आणि हरवायचं. ज्या यंत्राचं दुसरं बूच अजून जागेवर आहे, त्या घरात मूल एकटंच होतं असं समजायचं. असं यंत्र दिसलं की कापूसराव पाघळतात. त्यांना ऐकू कमी येतं. त्यांचं कानयंत्र ताईनेच बसवलेलं, म्हणून आमच्या घरी येणंजाणं.

तर एका सकाळी जुन्या बाजारात, एका फुटक्या मिक्सरच्या भांड्यात, मला छत्रीवाली कॅसेट मिळाली.

घरी आलो तेव्हा ताई केस वाळवत बसली होती. मी कॅसेट पालथी तिच्यासमोर धरली.

“ओळख बघू.”

तिने चष्मा चढवला आणि किंचाळलीच. “माझी छत्री! मेल्या, कुठून आणलीस?”

आईही आली. तिघांनी ती हातात घेऊन बघितली. रंग थोडा काळपट झाला होता, पण आकडा अगदी स्पष्ट होता.

“बाकी कॅसेट झकास आहे,” मी म्हणालो. “पाठ तेवढी खराब केलीस तू.”

“मग पूस की. माझं काय जातंय?”

जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी बसलो. कापसाच्या काडीला रिमूव्हर लावायचा आणि आतून बाहेर, गोल गोल, जराही जोर न लावता. घरभर तो गोडसर, झोंबणारा वास पसरला. काडी लाल झाली, दुसरी घेतली. थोड्या वेळात खाली स्वच्छ राखाडी प्लास्टिक आलं. फोटो टोळक्याच्या ग्रुपवर टाकला आणि कापूसरावांकडून शाबासकी घेतली.

संध्याकाळी यंत्र जोडलं. ताई खेळाकडे बघत राहिली.

“हा आपल्याकडे नव्हता.”

“नव्हता काय? याच्यावरून भांडताना माझा कंट्रोलर लागून तुझी हनुवटी फुटली. टाके पडले होते.”

तिने हनुवटीवर बोट फिरवलं. मीही बघितलं. मग दिवा लावून जवळून बघितलं. माझ्या उभ्या आयुष्यात ताईच्या हनुवटीवर एक पांढरी रेघ होती. आता तिथे काही नव्हतं. वयानुसार व्रण पुसट होतात, असं मी स्वतःला सांगितलं. ताई हसली आणि म्हणाली, “तुझ्या डोक्याला लागलं असेल.”

त्यानंतर एका लांबच्या विक्रेत्याकडून दोन कॅसेटी कुरियरने आल्या. फोटोत फक्त पुढची बाजू होती. पाकीट फोडलं तर दोन्हींच्या पाठीवर छत्री. मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. विक्रेत्याला फोन केला, तो म्हणाला, मी कुठल्याशा लिलावात पोतंभर सामान घेतलं होतं, त्यातल्या आहेत. दोन्ही एकाच बैठकीत पुसल्या.

दुसऱ्या दिवशी ताई कामावरून तणतणत आली. आमच्या इमारतीच्या रखवालदाराने तिला दारात अडवलं होतं.

“कुणाकडे जायचंय, विचारतो! रोज त्याच्या नाकासमोरून जाते मी.”

“डुलकी लागली असेल त्याला.”

“आणि दवाखान्यात माझ्या खोलीत दुसरीच कोणी बसवलीय. म्हणे, तुमची नेमणूक सापडत नाही. शोधतायत.” ती हसायला गेली, पण हसू आलं नाही.

मी तावातावाने दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाईंनी फार सौजन्याने माझं ऐकून घेतलं आणि ताईचं नाव मला पुन्हा पुन्हा विचारलं.

त्याच आठवड्यात आईने सकाळी चहाचे दोन कप आणले. मी म्हणालो, “आई, तिसरा?”

“कोण येणारे?”

ताई समोरच खुर्चीत बसली होती. आईची नजर तिच्यावरून गेली, परत आली आणि ती केवढी दचकली.

“अगं बाई! तू केव्हा आलीस?”

ताईने उठून स्वतःचा चहा केला. मी आईला डॉक्टरांकडे नेलं. आईने सगळ्या प्रश्नांची उत्तरं धडाधड दिली, उलटे आकडे म्हणून दाखवले. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी तल्लख स्मरणशक्ती मी बघितली नाही. मग सहज म्हणून त्यांनी विचारलं, मुलं किती? आई माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाली, “हा एकच.”

तरीही मी दोन गोष्टी जोडल्या नाहीत. का जोडाव्यात? दोर तुटला तर मी दोर तपासतो, शेजारच्या घरातलं घड्याळ नाही.

चौथी कॅसेट बंद पडलेल्या व्हिडिओ दुकानातून आली. ती मी एका दुपारी पुसायला घेतली. खरं सांगायचं तर डोकं शांत करायलाच घेतली होती. त्या कामात मन रमतं. ताई स्वयंपाकघरात होती आणि तिथूनच मला ऐकवत होती. मी कसा दवाखान्यात नीट बोललो नाही, आईच्या औषधांकडे कसा काणाडोळा करतो, सगळं नेहमीच्या पट्टीत, भांड्यांवर मात करत.

मी छत्रीचा घुमट पुसला.

तिचा आवाज खाली आला. मला वाटलं ती वाकून काहीतरी काढतेय.

दांडा पुसला. आवाज आणखी खाली. शब्द कळेनासे झाले, नुसती गुणगुण उरली. माझा हात सवयीने चालूच होता. आकड्यावरून काडी फिरली आणि स्वयंपाकघरात काहीच ऐकू येईना.

“ताई?”

मी आत गेलो. ती ओट्यापाशी उभी होती, माझ्याकडे तोंड करून. ओठ हलत होते, हात नेहमीसारखे हवेत होते, आणि आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने, खूप लांबून आल्यासारखा, तो आला.

“...ऐकतोयस का तू?”

काडी अजून माझ्या बोटांत होती. तिचं टोक लाल होतं.

मी बाहेरच्या खोलीत गेलो. भिंतीवर आमचा शाळेतल्या दिवसांचा फोटो आहे. मी मध्ये उभा, केस पाणी लावून चप्प बसवलेले, आणि माझ्या खांद्यावर शेजारी उभ्या ताईचा हात. फोटोत आता मी एकटाच होतो. शेजारी पडदा दिसत होता. पण माझा खांदा बघितला आणि मी खुर्ची ओढून बसलो. शर्टाचं कापड तिथे दबलेलं होतं. बोटांच्या जागी चार चुण्या होत्या.

खोक्यातल्या पाचांपैकी एकच कॅसेट आता सापडायची होती. खाणकामगाराची. डोक्यावर दिवा लावून तो बोगद्यात उतरतो, ती. ताईची सगळ्यात लाडकी. ती कुठे असेल तिथे असो, तिच्या पाठीवर छत्री आहे तोवर ताई आहे, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. कसं कळलं ते विचारू नका, मला ते सिद्ध करता येणार नाही.

मी बाजारातून तशाच रंगाचं नेलपेंट आणलं. पुसलेली कॅसेट ताईसमोर ठेवली आणि कुंचला तिच्या हातात दिला.

“काढ.”

“काय काढू?” तिच्याकडे कान नेल्याशिवाय आता ऐकू येत नसे.

“छत्री. तुझी छत्री काढ, ताई.”

तिने माझ्याकडे बघितलं. तिला समजत होतं. ती मूर्ख कधीच नव्हती. तिने ओठ मुडपून, लहान मुलीसारखं जपून, अर्धगोल काढला. रंग थांबला नाही. तेलकट ताटावरच्या पाण्यासारखे त्याचे मणी झाले आणि वर्तमानपत्रावर घरंगळले. तिने पुन्हा काढला. पुन्हा तेच. मग मी कुंचला घेतला आणि त्याच जागी रेघ ओढली. ती नीट बसली आणि वाळली. तिथे मला रडू आलं.

ताईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला वजन नव्हतं.

“मी इथे बरेच दिवस राहिलेय का रे?” तिने विचारलं. “आता निघायला हवं, नाही?”

“तू कुठेही जायचं नाहीस. ऐकलंस? कुठेही नाही.”

पुढचे दिवस मी डोळ्यांत तेल घालून शोध घेतला. ग्रुपवर लिहिलं, खाणकामगार कुणाला मिळाला तर जशी असेल तशी हवी, पुसायची नाही, म्हणाल ती किंमत देतो. लोकांनी थट्टा केली. बाजार पालथे घातले, भंगारवाल्यांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. कामावर जाताना ताईला सांगायचो, आईच्या समोर बसून राहा, तिच्या नजरेआड होऊ नकोस. ती मान हलवायची.

त्या दिवशी मी एका कार्यालयात लिफ्टच्या डब्याच्या छतावर उभा होतो. खाली सगळी अंधारी पोकळी, समोर ग्रीस लावलेले दोर. खिशात फोन वाजला. ग्रुपवर कापूसरावांनी फोटो टाकला होता. कॅसेटची पाठ. गडद लाल छत्री, आकड्यासकट.

खाली लिहिलं होतं, ‘आमच्या लिफ्टवाल्यांचा खाणकामगार सापडला! पाठीवर कुणीतरी माती केलीय. साहेब, काळजी नको. तुम्हाला मळकी देईन का मी?’

मी फोन लावला. वाजत राहिला.

पुन्हा लावला. वाजत राहिला.

ग्रुपवर लिहिलं, ‘पुसू नका. हात लावू नका.’ कुणीतरी त्याच्यावर हसरा चेहरा टाकला.

कसा बाहेर आलो ते आठवत नाही. हेल्मेट डोक्यावर तसंच होतं. रिक्षा सिग्नलला थांबली तर मी उतरून पळत सुटलो. कापूसरावांच्या इमारतीत लिफ्ट आहे, मीच तपासतो ती, पण थांबायची हिंमत नव्हती. जिन्याने वर गेलो.

घंटी दाबली. आत ती वाजताना मला ऐकू येत होती. कुणी येईना. दार ढकललं, उघडंच होतं.

कापूसराव खिडकीपाशी पाठमोरे बसले होते. खोलीभर तो वास होता.

“कापूसराव!”

त्यांनी मान वळवली नाही. मी जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा दचकले, आणि मग चेहराभर हसले. त्यांच्या कानात काही नव्हतं.

“कानयंत्र कुठंय तुमचं?” मी ओरडलो.

“कसलं कानयंत्र? सगळे म्हणतात घ्या म्हणून. कुणाला दाखवायचं, आपल्या ओळखीत कोणी आहे का त्यातलं?” त्यांनी खिडकीच्या कठड्याकडे बोट दाखवलं. “ते सोडा. हे बघा. नव्यासारखं!”

कॅसेट उन्हात पालथी वाळत होती. पाठ कोरी होती, लख्ख. शेजारी बशीत चार-पाच लाल काड्या पडल्या होत्या.

“फार चिवट होती हो,” कापूसराव म्हणाले. “आकडा तर निघता निघेना.”

मी कॅसेट घेतली. त्यांचे आभारही मानले असावेत. घरी चालत गेलो. घाई करावीशी वाटत नव्हती.

आईने दार उघडलं. “आज लवकर? आणि हे डोक्यावर काय?”

मी तिच्या शेजारून आत गेलो. ताईच्या खोलीत शिलाई मशीन होतं, जुन्या गाद्या होत्या, आईचे वाळवायचे कपडे होते. त्या खोलीला तिचा वास नव्हता. मी कपाट उघडलं. गाद्यांची खोळ, एक मोडका पंखा.

“काय शोधतोयस?”

“आई, ताई कुठंय?”

“कुणाची ताई?” आई म्हणाली. मग माझा चेहरा बघून जवळ आली, कपाळाला हात लावून बघितला. “बस जरा. चहा टाकते.”

मी बाहेरच्या खोलीत बसलो. फोटोकडे बघितलं. माझ्या शर्टाला नुकतीच इस्त्री केलेली दिसत होती. खांद्यावर एकही चुणी नव्हती.

टीव्हीखाली यंत्र होतं. हाताला काहीतरी काम हवं होतं म्हणून मी खाणकामगार त्यात खुपसला आणि कंट्रोलर घेतला. त्याची पिन लावायला मला बघावं लागत नाही. अंधारातही लावता येते. सगळं लहानपण माझा हात एकाच जागी गेलेला आहे, उजवीकडे, दुसऱ्या खाचेत.

पिन आत गेली नाही.

मी वाकून बघितलं. पहिली खाच उघडी होती, कडा वापरून गुळगुळीत झालेल्या. दुसरीवर राखाडी रबरी बूच होतं. मी नखाने उचकटायला बघितलं, पण ते घट्ट बसलेलं होतं. त्याच्या कडेला कारखान्यातला पातळ पारदर्शक पापुद्रा अजून तसाच होता, कुठेही न फाटलेला.